पट्टी पुढे ठेवा, मग लिहा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



रस्ता अडवायला आम्ही कधी घाबरलो नाही. पण वर्तमानपत्रात लेख लिहायचे ठरले तेव्हा आम्हा चौघांचे हात थरथरले. ती हकीकत आज सांगायची आहे.

८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावून झालेच होते. शेतात लाल कांदा काढणीला आलेला. हा कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही; निघाला की विकावाच लागतो. भाव कोसळले. आमच्या हाती पडणाऱ्या पेपरात मात्र 'गृहिणींना दिलासा' हाच सूर. आम्ही म्हटले, आपणच लिहू.

पहिल्या लेखात सगळेच ओतले. कर्ज, वीज, खत, दिल्ली, इंग्रजांपासूनचा इतिहास. दहा पाने झाली. पेपरच्या कचेरीतून निरोप आला : सहाशे शब्दांत लिहा, आणि तुम्हाला ठाऊक आहे पण आम्हाला नाही असे काही सांगा. आधी राग आला. मग पटले. सभेत घोषणा ऐकणारा माणूस आधीच आपला असतो. पेपर वाचणाऱ्याला अजून पटवायचे असते.

तेव्हा घराघरांतून पट्ट्या काढल्या. एका भावाकडे बंदीच्या आधीची एक आणि नंतरची एक अशा दोन सापडल्या. वावर तेच, बाजार समिती तीच. पहिलीत क्विंटलला ३,२०० रुपये, दुसरीत १,७००. हमाली, तोलाई, वाराई दोन्हींत कापलेली. ट्रॅक्टरचे भाडेही तेवढेच.

पण तो भाऊ अडून बसला. "दादा, घरात मुलगी लग्नाची आहे. बाप बुडाला असे छापून आले तर सोयरीक कोण करील?" आम्ही गप्प झालो. त्याच्या कारभारणीनेच तोड काढली. "बुडालो ते आपल्या चुकीने का? नाव नका घालू, आकडे घाला." तसेच केले.

आणखी एक प्रश्न आम्ही आधी टाळला होता. कांदा महागला तर शहरातल्या मजुराने काय खायचे? आता सरळ उत्तर दिले : गरिबाला स्वस्त कांदा द्यायचा तर सरकारने तो बाजारभावाने घ्यावा आणि स्वस्तात वाटावा. तो भार तिजोरीने उचलावा, एकट्या कांदेवाल्याने नव्हे. शेवटी मागणी एकच ठेवली : बंदी उठवा.

लेख छापून आला. मथळा बदललेला, दोन परिच्छेद कापलेले; दोन्ही पट्ट्यांचे आकडे मात्र शाबूत. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पुरते जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. आमच्या लेखामुळे काही झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण शहरातल्या एका शिक्षकाचे पत्र आले, की हा हिशेब मला कुणी सांगितलाच नव्हता.

मुकुंदराव पाटलांनी १९१० साली 'दीनमित्र' काढला आणि पुढे नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून चालवला. आपल्याला तर छापखानाही घालायचा नाही. पट्ट्या चुलीत घालू नका, तारखेने लावून ठेवा. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक पट्टी आणि तिच्यावर लिहिलेला एक कागद घेऊन यावे. वाचून दाखवू, चुका काढू आणि पाठवू.