एका नगाचा कारखाना

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)



भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत कोणत्याही वर्कशॉपमध्ये जा आणि एखादा भाग दाखवून "असा करून द्याल का?" असं विचारा. समोरून पहिला प्रश्न येईल, "किती नग?" तुम्ही "एकच" म्हणालात की मालक हसतो, चहा पाजतो आणि नाही म्हणतो.

त्याचा राग धरू नका. मी स्वतः आयटीआय करून १९८१ साली तिथल्याच एका कारखान्याच्या टूलरूममध्ये लागलो आणि पुढे बरीच वर्षं हेच उत्तर दिलं. हिशेब सरळ आहे. मशीनवर जॉब बांधायचा, कटर लावायचे, झिरो घ्यायचा, प्रोग्रॅम तपासायचा, या सेटिंगला समजा दोन तास लागले. नग पाचशे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम चौदा-पंधरा सेकंद येतात. नग एकच असेल तर दोन्ही तास त्याच्याच डोक्यावर. तेवढे पैसे गिऱ्हाईक देत नाही आणि मालकाला फुकट करणं परवडत नाही.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर अक्का राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. परदेशातल्या मुलाने पाठवलेली चाकांची खुर्ची हेच त्यांचे पाय. २०२३ साली त्या खुर्चीची पाय ठेवायची पाटी निखळली. पाटी आणि खुर्चीची नळी यांना जोडणारा, आगपेटीपेक्षा थोडा मोठा ॲल्युमिनियमचा तुकडा मोडला होता. ते मॉडेल बंद झालेलं, त्यामुळे सुटा भाग मिळेना. मुलगा म्हणाला, नवी खुर्ची घेऊ. अक्का म्हणाल्या, "एवढ्याशा तुकड्यासाठी अख्खी खुर्ची भंगारात? भाऊ, तुम्ही काहीतरी करा."

करण्यासारखं माझ्याकडे होतं. निवृत्तीनंतर मी बाल्कनीत एक लहान सीएनसी मिलिंग मशीन मांडलं आहे. टेबल ३०० बाय १८० मिलिमीटर, म्हणजे वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानापेक्षाही लहान.

हे तंत्र मूळचं असं घरगुती नाही. अमेरिकेत जॉन पार्सन्स यांना हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वळणदार आकार अचूक हवे होते. आकड्यांनी मशीन चालवण्याची त्यांची कल्पना एमआयटी या संस्थेत पुढे गेली आणि १९५२ साली तिथे अशा मिलिंग मशीनचं प्रात्यक्षिक झालं. हुकूम भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून जात आणि नियंत्रणाची कपाटं खोलीभर असत. आज तेच काम तळहातावर मावणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड करतो. २००५ साली इटलीत आर्डुइनो नावाचा स्वस्त बोर्ड आला. त्यावर चालणारी, मशीन हलवणारी 'जीआरबीएल' ही मोफत आज्ञावली २००९ साली आली. म्हणून माझ्यासारख्या निवृत्त माणसाला हे मशीन परवडलं.

मशीनची भाषाही सोपी आहे. जी-शून्य म्हणजे झपकन त्या जागी जा. जी-एक म्हणजे कापत सरळ जा. जी-दोन आणि जी-तीन म्हणजे गोलाईने जा, एक घड्याळाच्या दिशेने, दुसरी उलट. मशीनच्या मोटरी पावला-पावलाने फिरतात, एका फेऱ्यात दोनशे पावलं. माझ्या मशीनचा स्क्रू एका फेऱ्यात टेबल चार मिलिमीटर सरकवतो. म्हणजे एक पाऊल मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढं. पण कागदावरची ही अचूकता जॉबमध्ये उतरतेच असं नाही. स्क्रू आणि नटमध्ये थोडा खेळ असतो, कटर वाकतो, हलकी चौकट थरथरते. माझं मशीन हातात प्रत्यक्ष देतं ती साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाची खात्री. अक्कांच्या खुर्चीला तेवढी पुरेशी होती.

मोडके दोन तुकडे जुळवून मी व्हर्नियर लावला. नळीचं भोक भरलं २२.२ मिलिमीटर. जुना टूलरूमवाला लगेच ओळखेल, हे तर सात सूत, म्हणजे पाऊण इंच आणि वर एक सूत. संगणकावर आकार काढला. भंगारवाल्याकडून बारा मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी आणली. झिरो घ्यायला वहीचं पान कटरखाली धरलं, कटर हळूहळू उतरवला आणि पान अडकलं तिथे थांबलो. पानाची जाडी ०.१ मिलिमीटर, तेवढी वजा केली. पहिली फेरी जॉबच्या वर, नुसती हवेत. दुसरी लाकडावर. मगच धातू.

मोठं मशीन जे दोन घासांत खातं ते हे मशीन चिमटीने खातं. चार मिलिमीटरचा दोन धारांचा कटर, दर फेरीला पाव मिलिमीटर खोली. बारा मिलिमीटर उतरायला अठ्ठेचाळीस फेऱ्या. इथे कान उघडे ठेवावे लागतात. फीड फार कमी ठेवला तर कटर कापत नाही, नुसता घासतो. मग तो तापतो, ॲल्युमिनियम धारेला चिकटतं आणि कटर तुटतो. माझे तीन तुटले. कारखान्यात आम्ही रॉकेल सोडत असू. घरात ते नको, कटिंग ऑइलचा थेंब ब्रशने लावावा. डोळ्यांवर चष्मा हवाच. हातमोजे मात्र नकोत, कारण फिरता कटर मोज्याचा धागा पकडतो आणि धाग्यामागोमाग हात जातो. चालू मशीन सोडून चहाला जाऊ नये. दुपारी एक ते चार मशीन बंद, हा आमच्या हिचा आणि शेजाऱ्यांचा नियम.

तुकडा तयार झाला. सात सुताच्या नळीवर अंगठ्याने दाबताच बसला. फक्त एक गोष्ट खटकली. पाटी बसायच्या खाचेचा आतला कोपरा गोल राहिला होता. राहणारच, गोल कटर आतला कोपरा टोकदार करू शकत नाही. चार मिलिमीटरच्या कटरने निदान दोन मिलिमीटरची गोलाई उरते. त्यामुळे पाटी पूर्ण टेकेना. माझ्यातला जुना कारागीर जागा झाला. चौकोनी कानस घेतली आणि कोपरा असा काटकोनात आणला की गुण्या लावून बघावं. पाटी चपखल बसली. अक्कांनी पेढे दिले.

अकराव्या दिवशी तो तुकडा मोडला. फाटकाच्या उतारावर अक्कांचा पाय घसरून खाली गेला आणि नडगी सोलली. खुर्ची उलटली नाही, ढकलणाऱ्या मुलीने ती सावरली. पण त्या रात्री मला झोप आली नाही.

तडा बरोबर त्याच कोपऱ्यातून गेला होता. कापडवाला कापड फाडण्याआधी कात्रीने छोटी चीर देतो, शांपूच्या पुडीला काठावर खाच असते. बळ सगळीकडून येतं आणि त्या टोकाशी गोळा होतं. धातूचंही तसंच. मशीनने ठेवलेली गोलाई तो ताण पसरवत होती. ती मी, स्वतःच्या हाताने आणि अभिमानाने, कानस मारून घालवली होती. वर कानशीचे ओरखडे, म्हणजे आणखी बारीक चिरा. शिवाय पट्टी भंगारातली, तिचा ग्रेड ठाऊक नाही. आणि मूळ तुकड्याच्या कोपऱ्याची गोलाई मी मोजलीच नव्हती, कारण तो नेमका तिथेच मोडला होता.

कारखान्यात असं झालं असतं तर तपासणी खात्याने तो नग परत पाठवला असता. घरी तपासणी खातं मीच होतो आणि मी पेढे खात होतो.

दुसऱ्या वेळी मी ६०६१ टी-६ या ग्रेडचा बार बिलासकट विकत आणला. आतल्या कोपऱ्याला तीन मिलिमीटरची गोलाई ठेवली आणि ती प्रोग्रॅममध्येच लिहिली. पाटी बसत नव्हती, तर पाटीची कड थोडी तासली, कारण बाहेरची कड तासल्याने काही बिघडत नाही. मग तुकडा नळीवर बांधून पाटीवर चाळीस किलोचं गव्हाचं पोतं तीन दिवस ठेवलं. अक्कांच्या पायांचं वजन तेवढं नाही, पण खुर्चीतून उठताना माणूस कधीतरी पाटीवर भार देतोच. शेवटी चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला दाखवलं. त्याने ठोकून, हलवून पाहिलं आणि मान डोलावली. मगच तो खुर्चीला लावला. अजून टिकून आहे. दर महिन्याला मी तो भिंगाखाली पाहतो.

श्रोतेहो, अशी मशीनं आता पुष्कळ तरुण घेतात. त्यांनी जरूर घ्यावीत. मिक्सरची कपलिंग, शिलाई मशीनची गुंडी, दाराची बिजागरी, बाजारात न मिळणारा एखादा नग घरी करण्यात मोठं समाधान आहे. पण गाडीचा ब्रेक, गॅसचा रेग्युलेटर, कुकरची झडप यांच्या वाटेला जाऊ नये. आणि ज्या भागावर दुसऱ्या कोणाचा भार पडणार आहे, तो दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेखालून गेल्याशिवाय लावू नये. पाचशे नगांत एक खराब निघाला तर चारशे नव्याण्णव चांगले उरतात. एकच नग असेल तर मागे काही उरत नाही.

नवा तुकडा बसवायला गेलो तेव्हा मी अक्कांची माफी मागितली. त्यांनी जुना मोडका तुकडा पदरातून काढून माझ्या हातावर ठेवला. म्हणाल्या, "भाऊ, हा तुमच्या मशीनपाशी ठेवा." तो तिथेच आहे. मी काम सुरू करण्याआधी तो एकदा हातात घेतो.