हम आणि अपन



आमचं घर घाटावरून फोंड्यात आलेलं. बाजारात मालवणी, शाळेत मराठी, घरात दखनी. तिसरीत एका सरांनी अब्बांना सांगितलं, "घरातली ती भाषा बंद करा, पोरगा मराठीत कच्चा राहील." अब्बांनी ऐकलं. वर्षभर माझ्याशी अडखळत मराठीत बोलले, म्हणजे जवळजवळ बोललेच नाहीत.

पुढे इंजिनिअर झाल्यावर कुपवाडबद्दल वाचलं. सांगलीजवळचं हे गाव. तिथल्या बोलींवरचा जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा अभ्यास १९७१ साली छापून आला. मुसलमानांच्या घरात उर्दू, जैनांच्या घरात कन्नड, शिवाय मराठी. पिढ्यान्‌पिढ्या शेजार असल्यानं तिन्हींची वाक्यरचना इतकी जुळली, की शब्दाजागी शब्द ठेवला की झालं भाषांतर! मराठीत 'आम्ही' वेगळं, 'आपण' वेगळं. प्रमाण उर्दूत दोन्हींना 'हम'. कुपवाडच्या उर्दूत मात्र 'हम' आणि 'अपन' असे दोन. याला लोक बिघडलेली उर्दू म्हणतात. मला तर ती जास्त नेमकी वाटते.

हैदराबादेत डॉ. सुवर्णा अल्लाडी यांच्या गटानं स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण तपासले. २०१३ चा निष्कर्ष: एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला, निरक्षरांतही उशिराच. यावर संशोधकांत वाद आहे, तो असू द्या.

आता अब्बा माझ्या मुलीशी दखनीतच बोलतात. परवा ती त्यांना म्हणाली, "दादा, अपन घाट देखने जाएंगे?"

मी दुरुस्त केलं नाही.