हुशार आहे, पण लक्ष नाही

(स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत)



सकाळपासून प्रत्येकानं इथं येऊन आपली ओळख करून दिली. मला त्याची गरजच पडली नाही. मी फाटकातून आत आलो, तशी मागून हाक आली, "आला रे हरपलेला!" तीस वर्षं झाली, केस पिकले, पण ते नाव काही सुटलं नाही. कंपासपेटी हरवली, छत्री हरवली, गणिताची वही घरी राहिली. सहस्रकुंडच्या सहलीत तर सगळे परत निघाले आणि मी खडकावर पाणी बघत बसलो होतो. सरांना मला शोधायला मागं यावं लागलं. ते सर आज समोर बसलेत आणि हसतायत. सर, त्या दिवसाचं आज सांगायचं आहे, म्हणून उभा राहिलो.

मी कृषी सेवा केंद्र चालवतो, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यातले काही जण माझं गिऱ्हाईक आहेत. खरिपाच्या दिवसांत दुकानात काय गर्दी असते, ते तुम्ही बघता. एकाला सोयाबीनची पिशवी काढून द्यायची, दुसऱ्याला खताचा भाव सांगायचा, तेवढ्यात तिसऱ्याचा फोन. संध्याकाळी वही उघडली की निम्मी उधारी लिहायचीच राहिलेली. पैसे कोणाकडे आहेत ते मला आठवायचं नाही आणि मागायला तोंड नसायचं. बँकेचा हप्ता, परवान्याचं नूतनीकरण, लाईट बिल, सगळं शेवटच्या तारखेनंतर. पैसे नव्हते म्हणून नाही, ध्यानातच राहायचं नाही म्हणून. वडील म्हणायचे, आळशी. बायको म्हणायची, तुम्हाला घराची काळजीच नाही. मीही तेच धरून चाललो होतो.

२०१८ च्या सुमारास मी आतून बसलो. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. शटर अर्धं वर करून आत नुसता बसून राहायचो. जेवण उतरत नव्हतं. लेकरं जवळ आली तर नको वाटायचं. आणि एक विचार डोक्यात घर करून बसला की मी नसलो तर या सगळ्यांचं बरं होईल. हे मी आज माईकवर बोलतोय, पण तेव्हा कोणालाही बोललो नव्हतो.

मग फिरणं सुरू झालं. एका डॉक्टरांनी शक्तीची बाटली लावली आणि झोपेची गोळी दिली. नातेवाइकांनी एका महाराजाकडे नेलं, पाच गुरुवार केले. पुढं मोठ्या शहरातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. चार तास रांगेत, पाच मिनिटं आत. गोळ्या लागू पडल्या, हे खरं सांगतो. दीड महिन्यात झोप आली, तो वाईट विचार गेला. बरं वाटलं तशा मी मनानंच गोळ्या बंद केल्या. सहा महिन्यांत पुन्हा तिथंच. पुन्हा गोळ्या, पुन्हा बरं, पुन्हा वही कोरी, पुन्हा तोटा, पुन्हा अंधार. मधे एका समुपदेशकाकडेही गेलो. तो म्हणाला, सकाळी पाचला उठा आणि दिवसाची यादी करा. यादी केली. ती हरवली.

दार उघडलं ते माझ्या धाकट्या लेकरामुळं. २०२१ मध्ये ते नऊ वर्षांचं होतं. ऑनलाइन शाळेत एका जागी बसेना, म्हणून त्याला नांदेडला दाखवलं. डॉक्टरांनी एडीएचडी सांगितलं. सोप्या मराठीत, लक्ष टिकवण्याची आणि स्वतःला आवरण्याची मेंदूची यंत्रणा वेगळी चालते. आणि मग त्यांनी सहज विचारलं, "घरात आणखी कोणी असं आहे का? हे बरेचदा रक्तातून येतं." माझ्या बायकोनं काही न बोलता माझ्याकडे बघितलं.

त्यांनी मला वेगळी वेळ दिली आणि जवळजवळ तासभर बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी मला विचारलं की हे कधीपासून आहे. नैराश्य २०१८ पासून, हे मला सांगता आलं. पण हरवणं, विसरणं, अर्धवट सोडणं कधीपासून? ते म्हणाले, एडीएचडी मोठेपणी नव्यानं उगवत नाही. २०१३ मध्ये सुधारलेल्या निकषांप्रमाणे त्यातली काही लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून दिसलेली असावी लागतात. म्हणून लहानपणी ओळखणारं माणूस हवं. आईला विचारा.

माझी माय तेव्हा जाऊन दोन वर्षं झाली होती.

घरी आलो आणि तिची पत्र्याची पेटी उघडली. लुगड्यांच्या खाली माझं पाचवीचं प्रगतिपुस्तक होतं. शाईनं शेरा लिहिलेला: "हुशार आहे, पण लक्ष नाही." मग मी दोन फोन लावले. एक हदगावला असलेल्या माझ्या बेंचमित्राला. तो म्हणाला, "गड्या, तुझं निम्मं पाठांतर मी केलंय, तू खिडकीतून आदिलाबादची गाडी बघायचास." दुसरा फोन सरांना. सहलीची गोष्ट मला नीट आठवत नव्हती. सरांनी ती तारखेसकट सांगितली, आणि शेवटी म्हणाले, "तुला मी मारलं का रे कधी त्यावरून?" सर, मारलं असेल. त्या काळात सगळेच मारायचे. पण तुम्ही मला शोधायला मागं आला होतात, आणि तुमची आठवण डॉक्टरांच्या कागदावर लिहिली गेली. माझ्या निदानात ते प्रगतिपुस्तक, माझा बेंच आणि तुम्ही, तिघांची साक्ष आहे. आज आभार मानायचे होते ते याचे.

आता उपचाराचं. डॉक्टरांनी आधी थायरॉईड, बी-१२, साखर, रक्त तपासलं, कारण त्यांच्या बिघाडानंही असाच थकवा येतो आणि लक्ष लागत नाही. दारू किती, झोप किती, मधेच कधी अतिउत्साहाचे दिवस येऊन गेले का, हेही विचारलं. मग म्हणाले, जे जास्त जड आहे ते आधी, म्हणजे नैराश्य. त्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि त्या एकदम सोडायच्या नसतात. ते सावरल्यावर ब्लडप्रेशर आणि हृदय तपासून एडीएचडीचं औषध.

त्या औषधाबद्दल थोडं सांगतो, कारण लोक मधेच हरतात. मेथिलफेनिडेट हे औषध शेड्यूल एक्समध्ये येतं. चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक मेडिकलवाला दोन वर्षं जपून ठेवतो. प्रत्येक मेडिकलवर ते मिळत नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे ते व्हिडिओ कॉलवर लिहून देता येत नाही, समोर जावंच लागतं. मी कीटकनाशकं विकतो, साठ्याचं रजिस्टर काय असतं ते मला कळतं, म्हणून राग आला नाही. मेथिलफेनिडेट नको असेल किंवा चालत नसेल, तर ॲटोमॉक्सेटिनसारखं दुसऱ्या प्रकारचं औषधही आहे. कोणाला काय, ते डॉक्टरच ठरवतील. माझी गोळी ऐकून तुम्ही घेऊ नका.

गोळीनं वही लिहिली नाही, हेही सांगतो. गोळीनं एवढंच केलं की वही उघडल्यावर मी तिच्यासमोर बसू शकलो. बाकीचं शिकावं लागलं. आता पिशवी हातात देण्याआधी नोंद, असा दुकानाचा नियम आहे. हप्त्याची तारीख मोबाईलमध्ये आणि भिंतीवर, दोन्हीकडे. वसुलीचं काम बायकोकडे, कारण ते तिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं. वाईट दिवस अजूनही येतात, पण आता कोणाला फोन करायचा ते माहीत आहे.

ज्यांच्या घरात असं काही असेल, त्यांच्यासाठी माझ्या चुकांतून चार गोष्टी.

पहिली, कोण कोण असतं ते ओळखा. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर, तो औषध देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि बोलण्याचे उपचार करतो, त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. समुपदेशक आधार देतो, पण आजाराचं निदान त्याच्याकडून घेऊ नये. पाटी वाचा, नोंदणी विचारा. विचारण्यात अपमान नाही, आपण बियाण्याच्या पिशवीवरही लॉट नंबर बघतोच की.

दुसरी, वेळ घेतानाच फोनवर विचारा: मोठ्या माणसांचं एडीएचडी तुम्ही बघता का? बरेच डॉक्टर ते लहान मुलांचंच बघतात. पहिल्या भेटीला किती वेळ देता? नैराश्य असेल तर दोन्ही एकत्र कसं हाताळता? उत्तर नीट मिळालं नाही तर दुसरीकडे जा. मी पहिल्या दारावरच थांबलो असतो तर आज इथं नसतो.

तिसरी, जवळ बघा. मनोरुग्णालय म्हटलं की येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी हीच नावं ऐकली, त्यात मराठवाडा नाही, म्हणून आपल्याला वाटतं इकडे काही सोयच नाही. तसं नाही. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. इस्लापूरहून नांदेड शंभरेक किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. आणि १४४१६ हा नंबर लिहून घ्या. टेलिमानस, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, रात्रीही, मराठीत बोलता येतं. कोणाच्या मनात माझ्यासारखा तो विचार असेल, तर त्यानं उद्याची वाट बघू नये.

चौथी, गावात कळेल याची भीती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमच्या उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. त्याच कायद्यानं विमा कंपन्यांना शारीरिक आजारासारखाच मानसिक आजाराचाही विमा द्यायला सांगितलं आहे. मी सांगतोय ते माझ्या मर्जीनं. माझ्या दुकानातली उधारी त्यानं कमी झाली नाही, उलट दोघं जण शटरशी थांबून हळूच डॉक्टरचा नंबर विचारून गेले.

गुरुजनांना एक विनंती. तुम्ही शिकवलेला एखादा पोरगा पंचेचाळिसाव्या वर्षी फोन करून विचारील, "सर, मी वर्गात कसा होतो?" त्याला जे आठवतं ते सांगा, चांगलं-वाईट सगळं. आणि मित्रांनो, बॅचच्या ग्रुपवर जो कधीच बोलत नाही, त्याला वेगळा फोन करा. नुसतं विचारा, जेवलास का, झोपतोस का.

बाहेर जेवण तयार आहे, म्हणून थांबतो. माझी छत्री इथंच कुठंतरी राहिली आहे. कोणाला सापडली तर हरपलेल्याला आणून द्या.