फुकट गेलेली पावले

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कारखान्यातल्या काटकसरीवर बोला, असे कार्यवाहबाईंनी सांगितले तेव्हा मी जरा कांकूच केले. कारखाना म्हटला की तेल, लोखंड आणि खडखडाट. वर्धापनदिनाच्या गोड कार्यक्रमात हे कोण ऐकणार? पण मी जिथे सुपरवायझर होते, तिथे लाइनीवर बसणाऱ्या बहुतेक सगळ्या बायकाच होत्या, आणि त्यांतल्या एकीचे काम माझ्या एका शेऱ्यामुळे सुटायचेच काय ते बाकी होते. ती हकीकत सांगावी म्हणून उभी राहिले आहे.

आमच्याकडे मोटारींसाठी तारांच्या जुड्या बांधत. त्यांना वायरिंग हार्नेस म्हणतात. रंगीबेरंगी तारा मोठ्या फळीवर मांडायच्या, टोकांना कनेक्टर बसवायचे, क्लिपा लावायच्या, चिकटपट्टी गुंडाळायची. एका ओळीत बारा जणी. एकीचे झाले की फळी पुढच्या जागेवर सरकायची. सहाव्या जागेवरच्या बाईपुढे मात्र रोज काम तुंबायचे. पुढच्या सहा जणी हातावर हात ठेवून बसत आणि माझा जीव खालीवर होई. एका महिनाअखेरीस मी तिच्या कागदावर शेरा मारला, ‘कामात मंद’. साहेबांनी तो वाचला आणि तिला पुढच्या महिन्यापासून बंद करायचे ठरले.

त्याच सुमारास आम्हांला शिकवायला एक गृहस्थ आले. ते जे शिकवीत त्याला इंग्रजीत ‘लीन’ म्हणतात, म्हणजे अंगावर फाजील चरबी नसलेले. नाव अमेरिकेतले, 1988 साली एका लेखातून रूढ झालेले. विद्या मात्र जपानची, टोयोटा कंपनीची. आणि तिचे मूळ मोटारीत नसून हातमागात आहे, हे ऐकून मला फार मौज वाटली.

साकिची टोयोडा हा एका सुताराचा मुलगा. आईला मागावर कष्टताना पाहून त्याने माग सुधारायला घेतला, असे सांगतात. 1891 साली त्याला लाकडी हातमागाचे पेटंट मिळाले. पुढे 1924 साली त्याने असा स्वयंचलित माग पुरा केला, की धागा तुटला की माग आपणहून थांबायचा. त्यामुळे खराब कापड विणले जात नसे आणि एकेका मागाजवळ माणसाला पहारा देत उभे राहावे लागत नसे. चूक झाली की तिथेच थांबायचे, ती पुढे जाऊ द्यायची नाही, हा या विद्येचा पहिला धडा.

त्याच्या मुलाने 1937 साली मोटार कंपनी स्थापली. महायुद्धानंतर जपानात पैसा नव्हता, माल नव्हता, गिऱ्हाईकही थोडे. तेव्हा ताइची ओनो नावाच्या अभियंत्याने कारखान्यात काय काय फुकट जाते याचा शोध चालवला. फुकट जाणाऱ्याला जपानीत ‘मुदा’ म्हणतात. त्याने ते सात प्रकारचे सांगितले: गरजेपेक्षा जास्त माल करणे, खोळंबून राहणे, मालाची उगाच ने-आण, नको तितके काम, फाजील साठा, अंगाची निरर्थक हालचाल आणि खराब माल. यांत पहिला सर्वांत वाईट, कारण जास्तीचा माल केला की तो ठेवायला जागा, राखायला माणूस आणि हलवायला हमाल लागतो. चार माणसांच्या घरी दहा माणसांचा भात शिजवला तर तांदूळ तर जातोच. शिवाय गॅस, भांडी आणि दुसऱ्या दिवशीच्या फोडणीचे तेलही जाते, हे तुम्हांला मी काय सांगावे!

ओनो यांची शिकवण्याची तऱ्हा और होती. जमिनीवर खडूने वर्तुळ काढायचे, शिकणाऱ्याला त्यात उभे करायचे आणि ‘बघ’ म्हणायचे. आमच्या शिक्षकांनी मलाही सहाव्या जागेसमोर तसेच उभे केले. “तासभर बोलायचे नाही, कोणाला टोकायचे नाही. दिसेल ते लिहा.” वर्षानुवर्षे मी त्या लाइनीवर फिरत होते, पण एका जागी उभी राहून पाहिले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

काय दिसले? क्लिपांचा खोका तिच्याजवळ नव्हता, वाटेपलीकडच्या मांडणीवर होता. मूठभर क्लिपा संपल्या की ती उठे, ढकलगाडी येत असेल तर थांबे, जाई, परत येई. तासात ती नऊ वेळा उठली. दुसरी गोष्ट याहून लाजवणारी. पाचव्या जागेवरून काही कनेक्टर उलटे बसून येत. ती ते मुकाट्याने काढून सुलटे बसवी आणि मगच आपले काम करी. म्हणजे दुसरीची चूक निस्तरण्यात तिचा वेळ जात होता, आणि शेरा तिच्या नावावर मी मारला होता!

मी तिला विचारले, “बाई, हे कधी बोलला का नाहीत?” ती म्हणाली, “ताई, बोलले असते तर पाचवीची नोकरी गेली असती.”

मग आम्ही पाचवीकडे गेलो, पण तिला बोल लावायला नव्हे. ‘का?’ हा प्रश्न लागोपाठ पाच वेळा विचारावा, अशी ओनो यांची शिकवण आहे. कनेक्टर उलटा का बसतो? दोन्ही बाजू सारख्याच दिसतात म्हणून. का? खूण बारीक आहे. ती दिसत का नाही? फळीवर सावली पडते. का? दिवा तिच्या पाठीमागे आहे. आणि दिवा तिथे का? लाइन हलवली तेव्हा दिवा हलवायचा राहून गेला! दिवा पुढे घेतला, कनेक्टर एकाच बाजूने बसेल असा साचा फळीवर ठोकला. चुका जवळजवळ थांबल्या. क्लिपांचे दोन डबे सहावीच्या उजव्या हाताशी आले. एक रिकामा झाला की त्यावरचे कार्ड भांडारात जाई आणि तेवढ्याच क्लिपा येत. या कार्डाला जपानीत ‘कानबान’ म्हणतात. साहेबांना मी शेरा परत घेते असे लिहून दिले. हात थरथरत होता, पण लिहिले.

एवढ्याने सारे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. चूक दिसली की लाइन थांबवायला प्रत्येकीजवळ घंटीची दोरी बांधली. पंधरा दिवस एकीनेही ती ओढली नाही. कोण ओढणार? आजवर लाइन थांबवणारीला मीच रागे भरत आले होते. शेवटी ओढली ती सहावीनेच. सगळ्या जणी माझ्या तोंडाकडे पाहू लागल्या. मी तिच्याजवळ जाऊन “बरे केलेत” एवढेच म्हटले. त्या दिवसापासून दोरी खरी दोरी झाली.

पुढे बारा जणींचे काम दहा जणींत होऊ लागले, आणि खरा पेच पडला. उरलेल्या दोघींचे काय? कोणी म्हणाले, कमी करा. मी साहेबांना म्हटले, “आज या दोघींना घरी पाठवलेत तर उद्यापासून एकही बाई सुधारणा सुचवणार नाही. आपल्याच पायावर धोंडा कोण पाडून घेईल?” खुद्द टोयोटाने हे दुःख भोगले आहे. 1950 साली कंपनी बुडायच्या बेतात आली, मोठा संप झाला, दीड हजारांहून अधिक कामगारांना जावे लागले आणि संस्थापकालाही पद सोडावे लागले. आमच्या दोघींना नव्या लाइनीवर शिकवायला घेतले. सगळीकडे असे होत नाही, हे मी जाणून आहे. काटकसरीच्या नावाखाली माणसेच काटणारे पुष्कळ आहेत. वाचवायची ती फुकट गेलेली पावले. पाऊल टाकणारी बाई नव्हे.

साठ्याच्या बाबतीतही तारतम्य हवे. 2011 सालच्या जपानातल्या भूकंपानंतर सुट्या भागांअभावी कारखाने बंद पडले, आणि काही वस्तूंचा साठा हाताशी ठेवावाच लागतो हे त्यांनाही पटले. आपल्या आया पावसाळ्याची बेगमी करीत, पण भाजी रोजची रोजच आणत. कशाचा साठा करायचा आणि कशाचा नाही, हे त्यांना ठाऊक होते. मिसळणाचा डबा तरी दुसरे काय आहे? फोडणीला लागणारे सारे एका हाताच्या अंतरावर, आणि कोणती वाटी तळाला गेली ते झाकण उघडताच दिसते.

तेव्हा घरी गेल्यावर एवढेच करून पाहा. सुनेला, लेकीला किंवा कामाला येणाऱ्या बाईला ‘किती ग सावकाश’ म्हणण्यापूर्वी स्वयंपाकघराच्या दारात अर्धा तास गप्प उभे राहा आणि तिची पावले मोजा. डबा कोणत्या फळीवर आहे आणि तो तिथे कोणी ठेवला, ते दिसेल. माझ्या घरी तो मीच ठेवला होता!