पाण्याची करवत

श्रोतेहो, पाणी दगड कापतं असं कुणी सांगितलं तर आपल्याला नवल वाटेल. पण अहिल्यानगर जिल्ह्यातलं, म्हणजे आपल्या पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातलं, निघोज ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ते वाटणार नाही. पारनेर तालुक्यातल्या या गावाजवळ कुकडी नदीच्या पात्रात काळ्या कातळाला खळगेच खळगे पडले आहेत. काही परातीएवढे, तर काही माणूस उभा बुडेल इतके खोल. आतून त्यांच्या बाजू घोटीव, रांजणासारख्या गोल. म्हणून लोक त्यांना रांजणखळगे म्हणतात. अलीकडच्या काठावर मळगंगा देवीचं देऊळ आहे, पलीकडे पुणे जिल्ह्यातलं टाकळी हाजी.

हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्यावर सुतकीचा घाव घातला तर ठिणगी उडते. मग तो पाण्यानं कसा कोरला? खरी गोष्ट अशी, की नुसत्या पाण्यानं तो कोरलाच नाही. पुराचं पाणी वाळू आणि गोटे घेऊन येतं. एखाद्या लहान खाचेत गोटा अडकतो, पाण्याच्या भोवऱ्याबरोबर तो तिथल्या तिथं फिरू लागतो आणि जात्याप्रमाणं खालचा खडक दळून काढतो. तो गोटा झिजून संपला की पुढचा पूर दुसरा आणून टाकतो. असे हजारो पावसाळे गेले, तेव्हा हे रांजण झाले.

आपणही रोज हेच करतो. विळ्याला धार लावताना दगडावर पाणी टाकतो. घासण्याचं काम दगडाचे कण करतात. पाणी त्यांना मोकळं ठेवतं, निघालेला कीस वाहून नेतं आणि पातं तापू देत नाही. कापणारा कण वेगळा आणि त्याला नेणारं पाणी वेगळं, एवढं लक्षात ठेवलं की पुढची सगळी गोष्ट सोपी आहे.

आज कारखान्यांत पोलादाचे जाड पत्रे, ग्रॅनाइटच्या फरशा आणि काच याच रीतीनं कापतात. त्या यंत्राला ॲब्रेसिव्ह वॉटरजेट म्हणतात. आपण त्याला पाण्याची करवत म्हणू. अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात नॉर्मन फ्रान्झ नावाच्या वनअभियंत्यानं अतिशय दाबाच्या पाण्यानं लाकूड कापून पाहिलं होतं. मऊ वस्तूंना ती धार पुरते, पण धातूपुढं तिचं चालत नाही. मूळचे इजिप्तचे अभियंते मोहम्मद हशीश यांनी १९७९ पासून फ्लो या अमेरिकी कंपनीत या प्रश्नावर काम केलं आणि पाण्याच्या धारेत कठीण वाळू मिसळली. तेव्हापासून पोलाद आणि काच या धारेच्या टप्प्यात आली.

आता हे यंत्र चालतं कसं ते पाहू. ट्रकखाली लावतात तो तेलाचा जॅक तुम्ही पाहिला असेल. त्याचंच तत्त्व इथं आहे. एका बाजूला मोठा दट्ट्या असतो, त्यावर तेलाचा दाब येतो. त्यालाच जोडलेला लहान दट्ट्या पुढचं पाणी दाबतो. मोठ्याचं क्षेत्रफळ लहानाच्या वीसपट असेल, तर पाण्यावरचा दाब तेलाच्या वीसपट होतो. अशा रीतीनं हवेच्या दाबाच्या सुमारे ४,००० पट दाब मिळतो. हा किती? आपल्या अकोले तालुक्यातलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर उंच आहे. अशी चोवीस शिखरं एकावर एक ठेवली आणि तेवढ्या उंचीचा पाण्याचा खांब उभा केला, तर त्याच्या तळाशी जेवढा दाब होईल तेवढा!

हे पाणी माणिक, नील किंवा हिऱ्याच्या खड्याला पाडलेल्या, मिलिमीटरच्या एक तृतीयांश एवढ्या छिद्रातून बाहेर पडतं. त्याचा वेग सेकंदाला सुमारे ९०० मीटर, म्हणजे आवाजाच्या अडीचपट असतो. या वेगामुळंच बाजूची वाळू आपोआप आत ओढली जाते. ही वाळू नदीची नव्हे. गोमेद हा खडा ज्या कुळातला, त्या गार्नेटची ती असते. तामिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवर असं गार्नेट सापडतं. पाणी आणि वाळू मग टंगस्टन कार्बाइडच्या अरुंद नळीतून एकजीव होऊन निघतात आणि समोरचा धातू कणाकणानं उडवतात. चीर पडते ती जेमतेम एक मिलिमीटर रुंदीची.

शिक्षकांनी इथं मुलांना एक हिशेब घालावा. वेग दुप्पट झाला तर धडकेची ऊर्जा चौपट होते. मग वेग शंभरपट झाला तर? उत्तर दहा हजारपट येतं. नदीला युगं लागतात आणि यंत्राला मिनिटं, ती याचमुळं. प्रयोगही सोपा आहे. झाकणाच्या दोन बरण्यांत विटेचे सारखे तुकडे वजन करून घाला. एकीत नुसतं पाणी आणि दुसरीत पाण्याबरोबर जाड वाळू टाका. दोन्ही पाचशे वेळा हलवा, तुकडे धुऊन वाळवा आणि पुन्हा वजन करा. वाळू काय करते ते मुलं स्वतःच सांगतील.

गॅसनं लोखंड कापता येतं, मग एवढा खटाटोप कशाला? आपला लोहार पात्याला पाणी पाजतो, म्हणून ते कडक होतं. तेच पातं पुन्हा तापवलं की पाणी उतरतं. गॅसनं कापताना कडेच्या पोलादाचं हेच होतं. पाण्याची करवत थंड, त्यामुळं पोलादाचा गुण कायम राहतो. दगड कापताना फुफ्फुसात जाणारी धूळही पुष्कळ कमी उडते. मात्र ती सर्वगुणसंपन्न नाही. वाळूचा खर्च मोठा आहे, नळी झिजते, जाड पोलादात मिनिटाला काही सेंटिमीटरच पुढं सरकता येतं, आणि मोटारीच्या बाजूच्या खिडकीची कडक केलेली काच तर कापताक्षणी चुरा होते.

शेवटी एक काळजीची गोष्ट. सुपे किंवा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींत आपल्या खेड्यांतली मुलं कामाला जातात. जी धार पोलाद चिरते ती हाताला काय करील? आणि धोका त्या यंत्रापुरताच नाही. डिझेल इंजिनाचा नोझल, गाड्या धुण्याचा पंप, डाळिंबावर फवारणी करायचा एचटीपी पंप, या सगळ्यांची बारीक धार कातडीतून आत शिरू शकते. वर टाचणीएवढं भोक दिसतं, रक्त फारसं येत नाही, पहिल्यांदा दुखतंही थोडंच. माणूस हळद लावून पुन्हा कामाला लागतो. आत मात्र तेल किंवा औषध पसरत असतं, आणि उशीर झाला तर बोट, प्रसंगी हातही गमवावा लागतो.

तेव्हा बंधूंनो, भगिनींनो, दाबाच्या पाइपची गळती बोटानं कधीही चाचपू नका. आधी यंत्र बंद करा, दाब उतरवा. गळती शोधायचीच असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरा. आणि अशी जखम झालीच, तर ती कितीही लहान दिसो, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात ताबडतोब जा. दाब किती होता आणि आत काय गेलं, हे डॉक्टरांना नीट सांगा. औषध फवारत असाल तर त्याचा डबा बरोबर न्या. ही एवढी गोष्ट आज घरातल्या तरण्या पोरांच्या कानावर घाला.