हळदीला बी नाही, मग नवा वाण कसा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

हिंगोली जिल्हा म्हटला की वसमतची हळद आठवते. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण या पिकाची एक अडचण आहे. हळदीला फूल येते. मात्र तिच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असल्याने सहसा बी धरत नाही. बी नाही, म्हणून संकर करणे अवघड. आपण दरवर्षी गड्डेच लावतो, म्हणजे एकाच झाडाच्या नकला. एका रानात कंदकूज शिरली, की तोच वाण असलेल्या शेजारच्या रानालाही तेवढाच धोका.

मग नवा गुण आणायचा कुठून? इथे उत्परिवर्तके उपयोगी पडतात. क्ष-किरण, कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण किंवा इथाईल मिथेन सल्फोनेटसारखी रसायने पिकाच्या जनुकांत बदल घडवतात. असे बदल निसर्गातही होतात, पण क्वचित. उत्परिवर्तके त्यांचे प्रमाण वाढवतात. १९२८ मध्ये अमेरिकेत स्टॅडलर यांनी सातूच्या पिकात क्ष-किरणांनी हे घडवून दाखवले.

मात्र कोणता बदल होईल, हे शास्त्रज्ञाच्या हाती नसते. बहुतेक बदल तोट्याचेच असतात. त्यामुळे खरे कष्ट निवडीचे. बियाण्याच्या पिकात दबलेले बदल दुसऱ्या पिढीत दिसू लागतात आणि हजारो रोपांतून मोजकी रोपे वेचावी लागतात. हळदीत तर डोळ्याचा एखादाच भाग बदलतो. तो वेगळा होऊन स्थिर व्हायला अनेक हंगाम लागतात.

तरीही तमिळनाडूत भवानीसागरला इरोडच्या स्थानिक हळदीपासून मोठ्या कंदांचा 'बीएसआर-२' हा उत्परिवर्ती वाण तयार झाला. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांनी मिळून १९८५ मध्ये 'टीएयू-१' हा उडीद दिला. टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला आणि यू म्हणजे उडीद. उत्परिवर्ती उडदाचा 'टी-९'शी संकर करून तो काढला. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी तो वर्षानुवर्षे पेरला. पुढे 'टीएएमएस-३८' हे सोयाबीनही याच जोडीने दिले.

"किरण दिलेले बियाणे खायला धोक्याचे नाही ना?" असे अनेकजण विचारतात. नाही. बॅटरीचा उजेड पडला म्हणून धान्य उजेड देऊ लागत नाही. तसेच गॅमा किरण दिल्याने बियाणे किरणोत्सर्गी होत नाही. त्यात बाहेरचे जनुकही घातलेले नसते. रसायने मात्र घातक असतात, त्यांनी कर्करोग होऊ शकतो. ते काम प्रयोगशाळेचेच.

आपले काम पारखण्याचे. नव्या वाणाचे बेणे खात्रीच्या ठिकाणाहून घ्या, आधी चार गुंठ्यांत आपल्या हळदीशेजारी लावा. ओल्या वजनावर जाऊ नका. शिजवून वाळवलेले हळकुंड तोला आणि मगच क्षेत्र वाढवा.