गोदूताई परुळेकर



आज आपण एका बाईंची हकिकत ऐकणार आहोत. या बाई कायदा शिकल्या. पण शहरात बसून पैसा मिळवण्याऐवजी आपल्या रानातून, पाड्यापाड्यांतून हिंडल्या. हाती बंदूक नव्हती, तरी शिपायासारख्या लढल्या. त्यांचं नाव गोदावरी परुळेकर. लोक त्यांना गोदूताई म्हणत.

गोदूताईंचा जन्म १९०७ साली पुण्यात झाला. माहेरचं आडनाव गोखले. वडील वकील होते. मुलीला शिकवावं, हे त्या काळी पुष्कळांना पटत नसे. तरी गोदूताई कायद्याची परीक्षा पास झाल्या. महाराष्ट्रात कायद्याची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री मानल्या जातात. पुढं १९३७-३८ साली त्यांनी काय केलं? मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवण्याची मोहीम चालवली! म्हणजे आज आपण ज्या वाटेनं चाललो आहोत, त्याच वाटेवर त्यांनी काम केलं होतं.

तेव्हा ठाणे जिल्ह्यात वारली लोकांची दशा फार वाईट होती. जमीनदाराच्या शेतावर वेठीनं फुकट राबायचं. नाही म्हटलं तर मार खायचा. लग्नासाठी कर्ज घेतलं, की नवरा-बायको दोघंही सावकाराची बांधील होत. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. कर्ज किती, फिटलं किती, हे सारं सावकाराच्या वहीत. ती वही वाचणार कोण? एकदा अंगठा उठवला, की जन्म सरे, पण कर्ज सरत नसे.

गोदूताई कायदा शिकल्या होत्या. पण कायदा आपल्या पायांनी पाड्यावर चालत येत नाही, हे त्यांनी पाहिलं. माणसांनी एकजूट केली तरच तो येतो. म्हणून त्या आणि त्यांचे पती शामराव परुळेकर किसान सभेच्या कामाला लागले. २३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यात झरी गावी मोठी सभा झाली. हजारो वारली जमले. वेठ करायची नाही. दिवसाला बारा आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतात उतरायचं नाही. असं सर्वांनी ठरवलं.

हे सहज झालं नाही. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार वारली ठार झाले. पण लोक मागं हटले नाहीत. शेवटी वेठ मोडली, लग्नगड्याची चाल मोडली.

या लढ्याची हकिकत गोदूताईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्या वारल्या.

मंडळी, ही गोष्ट नुसती ऐकून सोडायची नाही. दिवाळी झाली, की आपल्या जव्हार-मोखाड्यातली कितीतरी घरं बंद होतात. माणसं भिवंडी-वसईकडं वीटभट्टीवर जातात. जाताना मालकाकडून उचल घेतात. ही उचल म्हणजे कर्जच. म्हणून घरची एक वही ठेवा. उचल किती, खर्ची किती, विटा किती पाडल्या, हे तारखेवार लिहा. हिशोबाच्या दिवशी आपली वही मालकाच्या वहीशेजारी ठेवा. कागद वाचल्याशिवाय सही करू नका. उचलीपायी कोणी बळजबरीनं अडकवून ठेवलं, तर तहसीलदाराकडं अर्ज करा. १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी बंद झाली आहे आणि तसलं कर्जही रद्द झालं आहे.

सावकाराचं बळ त्याच्या वहीत होतं. आता वही आपल्यालाही लिहिता येते.